तिच्या तोंडचा नकार

“बोललंचाललं माफ कर, बेटा...” स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून अम्मी म्हणाली, आणि आपाच्या हातातला पेला पाण्यासकट खाली पडला!

सकाळपासून अम्मी हेच शब्द घेऊन गल्लीभर फिरत होती. हजला निघालेलं माणूस असं दारोदार जातंच. नमाज चुकली, रोजा सुटला, तर रडत आलेल्याला अल्लाह पदरात घेतो. पण एका माणसाने दुसऱ्याचा हक्क मारला असेल, तर ती माफी अल्लाहही परस्पर देत नाही, ती त्या माणसापाशीच मागावी लागते. म्हणून अम्मीने दूधवाल्याची माफी मागितली, आणि जिच्याशी नळावरून वर्षानुवर्षं वाजलं होतं त्या शेजारणीचीही मागितली. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, “माफ केलं गं बाई! पण लवकर ये. तू नसलीस तर भांडू कुणाशी?”

आता घरातली थोरली लेक तेवढी उरली होती. अम्मीबरोबर जाणारा धाकटा भाऊ गाडीत सामान चढवून आत आला होता, भावजय पाठीशी उभी होती.

‘माफ केलं’ एवढंच तर म्हणायचं होतं! पण आपाची जीभ टाळ्याला चिकटली. खोटं म्हणावं, तर अम्मी ज्याच्या दारी निघाली तोच ऐकत होता. खरं म्हणावं, तर म्हातारीची यात्रा याच उंबऱ्यात अडत होती. इकडे आड, तिकडे विहीर! या घराने तिला जन्मभर कोंडलं, आणि आज माफीनेही कोंडीतच धरलं...

अब्बांचं अर्धं अंग गेलं, त्याच वर्षी एका घड्याळजीचं स्थळ आलं होतं. पडद्याआडून आपाने त्याला पाहिलं होतं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं पाहून तो कुणी न सांगता उठला, काटे नीट लावले आणि स्वतःच लाजून खाली बसला. तेवढ्यानेच तिचं मन हरखलं होतं! पण मग कुणी काही बोललंच नाही. दिवस उलटले. खिडकीखाली शिलाई मशीन आलं. पहाटेच्या नमाजेआधी अब्बांचे हातपाय धुऊन त्यांना वुजू करवायचा, मग अंधारून येईपर्यंत लोकांचे कपडे शिवायचे. रुखवताचे, बाळंतविड्याचे, सगळे दुसऱ्यांचे... अब्बा गेले. भाऊ शिकला, मिळवता झाला, त्याचा निकाह झाला. त्या निकाहात नवरीचा होकार घेणारा वकील आणि साक्षीदार तिच्यापाशी आले, “तुला कबूल आहे का?” म्हणून विचारू लागले, तेव्हा स्थळ आणणारी म्हातारी खाला आपाच्या कानाशी पुटपुटली, “तुलाही असंच विचारलं असतं गं, पण तूच नाही म्हणालीस ना!”

मुलीच्या होकारावाचून निकाह होत नाही. होकार तिचा, तसा नकारही तिचाच. आणि तो नकार अम्मीने तिला न विचारताच, तिच्या नावाने, देऊन टाकला होता!

“आपा, म्हण ना गं,” भाऊ काकुळतीला आला. “विमान काय आपल्या घरचं आहे थांबायला?”

“अम्मी,” आपा म्हणाली, “बोललंचाललं सगळं माफ. पण जे माझ्या तोंडचं म्हणून तू बोललीस... ते कसं माफ करू? त्याची माफी अजून तू मागितलीच नाहीस!”

अम्मीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने भिंत धरली आणि हळूहळू उंबऱ्यातच खाली बसली.

“तुला... ठाऊक होतं?”

“या पोराच्या निकाहापासून.”

“आणि तरी माझे पाय चेपत राहिलीस?”

“जाणार कुठे होते, अम्मी?”

भावाने बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला अर्धंच कळलं. पण तेवढ्यानेच त्याची मान खाली गेली.

“तुझे अब्बा पडले होते, हा एवढासा होता...” अम्मी बोलू लागली आणि मध्येच थांबली. “नाही. सबबी नकोत. भीती मला वाटत होती, आणि बळी तुझा दिला. तू हो म्हणशील, म्हणूनच तुला विचारलं नाही, बेटा!”

“मग आता विचार.”

“आता? त्याला तर नातवंडं झाली...”

“माहीत आहे. तरी विचार. एकदा मला कुणीतरी विचारू दे!”

अम्मीने डोक्यावरची ओढणी सारखी केली. निकाहाच्या वकिलाने विचारावं तसं, अडखळत, पण सगळ्यांदेखत तिने विचारलं, “घड्याळ दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाचं स्थळ... तुला कबूल आहे का?”

“कबूल होतं,” आपा म्हणाली, आणि इतक्या वर्षांचं रडू तिच्या गळ्यातून फुटलं.

मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना धरून बसल्या. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. भावजयीने खिडकीतून त्याला असं काही दटावलं, की तो बिचारा गप्पच झाला.

“माफ केलं, अम्मी,” शेवटी आपा म्हणाली. या वेळी जीभ अडली नाही. “ऊठ. नीघ आता.”

दारात अम्मी वळली. “तिथे तुझ्यासाठी काय मागू?”

आपाने डोळे पुसले.

“काही मागू नकोस. माझं मीच मागेन. तू फक्त आमीन म्हण.”

तिने दोन्ही तळवे उचलले. रोज दुआ मागताना आधी अब्बा, मग अम्मी, भाऊ, भावजय, भाचरं... आणि तिची पाळी येईतो हात खाली आलेले असत. आज तिने कुणाचंच नाव आधी घेतलं नाही. तिचे ओठ हललेही नव्हते, तोच दारातून अम्मीचा भरलेला आवाज आला, “आमीन!”