आधी सपाता, मग आत

हे खरं घडलंय. पटत नसेल तर पोलंडमधल्या झामोश्च गावाच्या चौकात या आणि गेनिया मावशीला विचारा. फक्त बूट पुसून या.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. चार वाजताच अंधार. चौकातलं जुन्या व्यापाऱ्याचं घर आता संग्रहालय आहे, आणि मावशी तिथली राखणदार. दारात लोकरी सपातांची पेटी. बुटांवर सपाता चढवायच्या, मगच आत; ओरखडे पडत नाहीत आणि चालता चालता जमीन चकाकते. बिशपलाही सूट नाही.

तरी लाकडी जमिनीवर ओरखडे उमटत होते. रोज नवे. टाचेच्या खिळ्यांचे.

"साहेब म्हणतात, माझं लक्ष नसतं," मावशी म्हणाली. "उद्या नवा ओरखडा दिसला की मला नारळ."

म्हणून मी सोबतीला थांबलो. शूर आहे म्हणून नाही. तिच्या डब्यात बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी होत्या.

शेवटचा पाहुणा गेला. मावशीने दाराला कुलूप घातलं.

आणि वरून...

टक्. टक्. टक्.

आम्ही जिना चढलो. दिवाणखाना रिकामा.

लवंगांचा वास मात्र दाटलेला... हे घर बांधणारा लवंगांचाच व्यापारी होता. मरून तीनशे वर्षं झाली त्याला.

टक्. आमच्या डोळ्यांदेखत जमिनीवर एक ओरखडा उमटत गेला...

मी मावशीच्या मागे सरकलो. मावशीचं डोकं फिरलं.

"थांब रे मेल्या! घर तुझं असेल, जमीन मी पुसते! सपाता घाल!"

टक्... थांबलं.

"मावशी, मालक आहेत ते," मी कुजबुजलो.

"असू दे. तिकीट काढलंय का त्याने?"

तिने एप्रनच्या खिशातून सपातांचा एक जोड काढून जमिनीवर आपटला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.



मग डावी सपाता सरकली... मग उजवी. मुकाट्याने, कोपऱ्यातल्या अंधारात.

कोपऱ्यातला दिवा लावला. कोपरा रिकामा.

त्या ओरखड्यावर मावशीने गालिचा ओढला. नंतर एकही उमटला नाही. नोकरी टिकली.

अडचण एवढीच, की आता तो कुठे असतो ते ऐकू येत नाही.

आणि तो जोड अजून सापडलेला नाही.

परवा सकाळी माझ्या खोलीतली जमीन आरशासारखी चकाकत होती. मी एकटा राहतो. जमीन इस्टरलाच पुसतो.

हवेत लवंगा...

"तू त्याची बाजू घेतलीस ना," मावशी फोनवर म्हणाली. "भोग आता."

मीही तिचाच भाचा. खोलीच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "स्वयंपाकघर राहिलंय!"

काहीच आवाज आला नाही.

पण तो तसाही येणार नव्हता...