बेकलाइटचा वास

"काका, लगेच याल का? डॅडींच्या गॅरेजमध्ये काहीतरी मेलंय," ॲन्ड्रिया फोनवर म्हणाली. पुढचं वाक्य तिला ओकारीमुळे पुरं करता आलं नाही.

हेमचंद्र सबनीसांनी मास्क चढवला आणि ते निघाले. सप्टेंबर २०२० सुरू झाला होता आणि मेलबर्नजवळच्या वेरिबीत घराबाहेर पडायला कारण लागत होतं. मेलेल्या मित्राचं गॅरेज बघणं हे कारण पोलिसांना चाललं असतं की नाही कोण जाणे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे विचारलं कुणी नाही.

कॅसिमिर तुस्कानोला जाऊन दोन आठवडे झाले होते. मूळचा वसईचा, वय शहात्तर, सगळं आयुष्य टेलिफोन दुरुस्त करण्यात गेलेलं. एकटा राहायचा आणि भिंतीवर लावायचे डायलचे जुने फोन जमवायचा. कोविडने गेला.

त्याचा दोष घरच्यांनी सुनेच्या माथी मारला. ॲन्ड्रिया वृद्धाश्रमात नर्स. दर बुधवारी सासऱ्याच्या दारात जेवणाचे डबे ठेवायची आणि काचेतून हात हलवून परत जायची. तिच्या तीन टेस्ट निगेटिव्ह आल्या होत्या. पण लागण कुणाकडून झाली ते शोधणाऱ्या, आरोग्य खात्याच्या ट्रेसिंगवाल्यांनी विचारलं तेव्हा कॅसिमिरने स्वतःच सांगितलं होतं, महिनाभरात सुनेशिवाय इकडे कुणी फिरकलं नाही. झालं! नवरा वेस्ली तिच्याशी बोलेनासा झाला. फ्युनरलला दहाच माणसांना परवानगी होती, त्या दहांत तिला घेतलं नाही. ती सिमेट्रीच्या फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली. हे आठवलं की सबनीसांच्या तोंडाला कडू चव यायची.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. दहा पावलांवरूनच वास नाकात घुसला. मास्कबिस्क सगळं झूट.

"फ्रीजर," ॲन्ड्रिया भिंतीला टेकून म्हणाली. "बोंबील, कोळंबी, सगळं मीच भरून दिलेलं. डेथचे पेपर शोधायला आले आणि..."

सबनीसांनी झाकण उघडलं आणि तसंच आपटलं. आत जे होतं त्याला मासे म्हणायची सोय राहिली नव्हती. खालून काळपट पाणी झिरपून सिमेंटवर वाळलं होतं. त्यांना शिसारी आली आणि शिसारी आली की राग यायचाच.

"वीज गेली होती का?"

"नाही काका. प्लग काढलेला आहे."

फ्रीजरचा प्लग जमिनीवर पडला होता. गॅरेजमध्ये सॉकेट एकच, आणि त्यात चहाच्या किटलीचा प्लग होता. किटली कामाच्या टेबलावर, तिच्या शेजारी स्टीलचं एक वाडगं. वाडग्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टूल.

वर भिंतीवर सहा फोन ओळीने टांगलेले. सातवा खुंटीवर नव्हता. तो टेबलावर पडला होता, काळा, जडशीळ, डायलवर आकड्यांशेजारी अक्षरं असलेला.

हा फोन सबनीसांच्या चांगलाच ओळखीचा होता. जुलैत त्याच्यावरूनच दोघांचं वाजलं होतं. कॅसिमिर म्हणायचा, अस्सल बेकलाइटचा, त्या जुन्या टणक प्लास्टिकचा, एकोणीसशे पन्नासच्या आधीचा. सबनीस फोटो बघून म्हणायचे, डायल जुनी असेल, पण डायल काय, कुठल्याही खोक्यावर बसवता येते. खोकं हल्लीच्या नकली प्लास्टिकचं आहे. "येऊन हुंगून तरी बघ," कॅसिमिर फोनवर विनवायचा. बेकलाइटवर कढत पाणी पडलं की त्याला एक उग्र वास सुटतो, नकलेला सुटत नाही. जमवणाऱ्यांची ही बाळबोध परीक्षा. सबनीसांनी लॉकडाउनचं निमित्त सांगून हात झटकले होते. खरं म्हणजे ते फुगून बसले होते.

फोनला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर कॅसिमिरचं, ठसठशीत.

'१० ऑगस्ट. गरम पाणी. वास नाही. नक्कल.'

सबनीसांनी ती दोनदा वाचली.

"ॲन्ड्रिया, तुझ्या सासऱ्याला वास यायचा?"

"डॅडींना? कधीच नाही. सोल्डरिंगच्या धुराने नाक गेलेलं ना. दूध नासलं तरी कळायचं नाही. म्हणून तर तुम्हाला बोलवायचे. 'हेम माझं नाक आहे' म्हणायचे."

"मग हे हुंगलं कुणी?"

ॲन्ड्रियाने चिठ्ठी हातात घेऊन तारीख वाचली. "म्हणजे दहा तारखेला इथे कुणीतरी होतं?"

"आजारी कधी पडला?"

"चौदाला ताप. पंधराला ॲम्ब्युलन्स." तिने बोटांवर दिवस मोजले. "पण ट्रेसिंगवाल्यांना तर म्हणाले, कुणी आलं नाही."

"पाहुण्याला हजारो डॉलरचा दंड झाला असता. कॅसिमिर पाहुण्याला दंड होऊ देणारा माणूस होता का?"

 सबनीसांनी किटली, वाडगं आणि फोन सगळं उचलून मागच्या अंगणात नेलं, मोकळ्या हवेत. स्वयंपाकघरातून पाणी उकळून आणलं, मास्क काढला आणि फोनचं खोकं वाडग्यात धरून त्यावर पाणी ओतलं. मग वाकून वाफ हुंगली.

वास भसकन आला. सरकारी इस्पितळाच्या मोरीत मारलेल्या फिनेलचा असतो तसा. ॲन्ड्रिया चार हात लांब उभी होती, तिलाही तो आला.

"मी चुकलो होतो," सबनीस म्हणाले. "फोन अस्सल आहे. खोकं उलटं कर, आतल्या बाजूला महिना आणि साल ठोकलेलं असेल."

होतं. मार्च १९४८, बारीक अक्षरांत, रंगाच्या पुटाखाली. त्यांनी जुलैत ते पाहायचेही कष्ट घेतले नव्हते. मित्राने विनवूनही घरीच बसवलेल्या स्वतःच्या नाकाची त्यांना लाज वाटली.

कुंपणापलीकडे मार्सेलिन कपडे वाळत घालत होती. कॅसिमिरची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. ॲन्ड्रियाला बोल लावण्यात सगळ्यांत पुढे तीच.

"मार्सेलिनबाई, तुम्हाला हा गॅरेजचा वास कधीपासून येतोय?"

"बावीस तारखेपासून ओरडतेय मी! वेस्लीला मेसेज केले, कौन्सिलला फोन केला. मास्क लावला तरी वास इथपर्यंत येतो. मला वाटलं छपरात एखादा पॉसम मेला असेल."

"मग आत जाऊन बघितलं का नाही?"

"चावी कुठेय माझ्याकडे? वेस्लीने जादाची होती ती उल्हासला दिली, कचऱ्याचे बिन बाहेर काढायला."

"आणि कॅसिमिर घरी होता तेव्हा? दहा ऑगस्टला?"

"मला उंबऱ्याच्या आत घेत नव्हता तो. कुंपणावरून बोलायचा, तोही मास्क लावून." तिने ॲन्ड्रियाकडे न बघता चिमटा लावला. "काळजी घेणाराच मेला. न घेणारे फिरतायत."

ॲन्ड्रियाने ऐकून घेतलं. गेले दोन आठवडे तिने हेच केलं होतं.

घरी येऊन सबनीसांनी उल्हास मोघेला फोन लावला. उल्हास पुण्याचा, आयटीतला, पंचेचाळिशीचा. लॉकडाउनमध्ये एकट्या म्हाताऱ्यांना किराणा पोचवण्यासाठी त्याने ग्रुप काढला होता, त्याचं कौतुक सगळीकडे चाललं होतं. गेल्या वर्षापासून जुन्या फोनचा नादही लागला होता.

"बोला काका! कसे आहात?"

"कॅसिमिरच्या गॅरेजमध्ये गेला होतास?"

"एकदाच. पंचवीसला, मंगळवारी. बिन तिथेच असतात ना. का हो?"

"पंचवीसला सगळं ठीक होतं?"

"एकदम. मी आत थोडा वेळ बसलो पण. फोन बघत. रडूच आलं."

"घाणबिण काही?"

"छे हो! चकाचक. काकांची शिस्त होती."

"आणि त्याच्या आधी? तो घरी असताना?"

"लॉकडाउनमध्ये? नाही, नाही. ग्रोसरी दारात ठेवायची आणि निघायचं. रूल म्हणजे रूल." उल्हासने आवाज खाली आणला. "काका, ॲन्ड्रियाला जरा समजवा. ग्रुपवर मी लिहिलं होतं ना, एज्ड केअरमध्ये काम करणाऱ्यांनी सीनियर्सपासून लांब राहा म्हणून. ऐकलं असतं तर..."

सबनीसांनी फोन ठेवला आणि मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. फोन त्यांचा स्वतःचाच होता, तरी धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला त्यांनी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. कारण सांगितलं, कॅसिमिरच्या फोनचं काय करायचं ते ठरवू. पडद्यावर चार चौकोन उमटले. वेस्ली घरातून, दाढी वाढलेला. मार्सेलिन स्वयंपाकघरातून. उल्हास पुस्तकांच्या कपाटासमोर, इस्त्रीच्या शर्टात. ॲन्ड्रिया कॅसिमिरच्या अंगणातून, समोर काळा फोन घेऊन.

"उल्हास, गॅरेजचं जे मला सांगितलंस ते सगळ्यांना सांग," सबनीस म्हणाले. "पंचवीस तारखेला आत कसं होतं?"

"सांगितलं ना, एकदम क्लीन."

"क्लीन?" मार्सेलिन ओरडली. "अरे, मी कुंपणाच्या या बाजूला नाकाला पदर लावून होते! तू आत बसलास?"

उल्हास हसायला गेला. "मास्क होता आंटी."

"मास्क माझ्याही तोंडाला होता," सबनीस म्हणाले. "तरी दहा पावलांवरूनच वास आला. त्या गॅरेजमध्ये पंचवीस तारखेला दोन मिनिटं बसू शकेल असा माणूस एकच. ज्याला वासच येत नाही."

 वेस्ली पडद्याच्या जवळ सरकला.

"आता दहा तारखेचं. त्या दिवशी कुणीतरी गॅरेजमध्ये आलं. हा फोन खरा की खोटा ते बघायला किटली लागली, सॉकेट एकच, म्हणून फ्रीजरचा प्लग काढला. तो परत लावायचं दोघंही विसरले. आणि मासे सडायला लागल्यावर कॅसिमिरला कळलं नाही, कारण त्याला नाक नव्हतं. हुंगायचं काम पाहुण्याचं. पाहुणा म्हणाला, वास नाही. कॅसिमिरने विश्वासाने तसं लिहून ठेवलं." त्यांनी चिठ्ठी कॅमेऱ्यापुढे धरली. "ॲन्ड्रिया, ओत पाणी."

तिने ओतलं. वाफ वर आली तशी तिने तोंड फिरवलं.

"फिनेल," ती म्हणाली. "लांबूनसुद्धा येतंय."

"ज्याला हा वास आला नाही त्याचं नाक दहा तारखेलाच गेलेलं होतं. या वर्षी धडधाकट माणसाचं नाक एकाएकी कशाने जातं, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. आणि हुंगायचं तर मास्क काढावा लागतो, उल्हास. स्टुलं दोन होती, वाडगं एकच. तू नाक खुपसून हुंगत होतास आणि तो म्हातारा शेजारी डोकं वाकवून तुझ्या तोंडाकडे बघत होता. काय म्हणतोयस ते ऐकायला."

"हे सगळं इमॅजिनेशन आहे!" उल्हासचा चेहरा लाल झाला. "मला तेव्हा काय माहीत? मला काही होत नव्हतं! सकाळी नुसती टेस्ट देऊन आलो होतो, रिझल्ट तर दोन दिवसांनी आला!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. मार्सेलिनने हात मागे नेऊन गॅस बंद केला.

"टेस्ट दिली की रिझल्ट येईपर्यंत घरी बसायचं असतं," ॲन्ड्रिया सावकाश म्हणाली. "तुम्ही त्याच दिवशी इथे आलात."

"त्यांनीच बोलावलं! इतका आग्रह... त्यांना तुमचं, सबनीसकाकांचं, तोंड बंद करायचं होतं."

हे खरं होतं आणि सबनीसांना ते लागलं. पण ते थांबले नाहीत.

"बाराला रिझल्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हा तुझ्या हातात फोन होता. एक कॉल, 'काका, टेस्ट करून घ्या.' चौदाला ताप येईपर्यंत दोन दिवस होते. का नाही केलास?"

"सगळ्यांना कळलं असतं. ग्रुप बंद पडला असता. लोक किती विश्वासाने... मी तीस घरांना सामान देत होतो, काका! एवढं चांगलं काम..."

"त्या चांगल्या कामासाठी तू ट्रेसिंगवाल्यांपासून कॅसिमिरचं नाव लपवलंस. तो मेल्यावर त्याच्या फोनपुढे बसून रडलास. आणि ग्रुपवर हिच्याकडे बोट दाखवलंस." सबनीसांचा आवाज चढला नव्हता. "फ्रीजर मी उद्या घासून स्वच्छ करीन. तुझं काय करायचं ते मला कळत नाही. सकाळीच मला जे कळलं ते लिहून आरोग्य खात्याला पाठवलंय, त्यांना कळेल."

उल्हासचा चौकोन काळा झाला आणि मग पडद्यावरून नाहीसा झाला.

मार्सेलिन रडायला लागली. "ॲन्ड्रिया, बाळा, मी किती काय काय बोलले गं तुला..."

ॲन्ड्रियाने वाडग्यातलं पाणी गवतावर ओतून टाकलं. वेस्ली दोन्ही हातांनी तोंड पुसत होता.

"ॲन्ड्रिया, घरी ये," तो म्हणाला. "आय ॲम सॉरी. मला खरंच वाटलं होतं की..."

"तुला तीन रिपोर्ट दाखवले होते मी. तिन्ही तू वाचलेस." ॲन्ड्रिया म्हणाली. "घरी येईन, वेस. माझंही घर आहे ते. पण डॅडींना मी सहा वर्षं जेवू घातलं आणि त्यांना मातीत ठेवताना तुम्ही मला फाटकाबाहेर बसवलं. त्याचं काय करणार आहेस? फ्युनरल परत होत नसतं."

 तिने कॅमेरा बंद केला. वेस्ली खुर्चीतून उठला आणि तिच्याकडे जायला गाडीची चावी शोधायला लागला.