शाम्याच्या खांद्यावरचं काजळ

सेलूच्या बैलबाजारात त्या दिवशी एका पोराने शाम्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग तोच हात कपाळाचा घाम पुसायला नेला... आणि त्याच्या गोऱ्या कपाळावर हा एवढा काळा पट्टा उमटला! बैलाचा कासरा धरून उभ्या असलेल्या नलूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पण हसू का असं कोंबून राहतं?

"काय झालं वो?" पोरगा बावचळला. "काऊन हसून राह्यल्या?"

"काई नाई," नलू म्हणाली आणि पुन्हा हसली.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. पोरगा दिसायला झकास. चमेलीच्या तेलात केस चप्प बसवलेले, कानाखालपर्यंत कल्ले, मागच्या खिशात कंगवा... आणि अंगात बेलबॉटम! बैलबाजारात बेलबॉटम घालून कोणी येतं का? शेणात घोळून त्याच्या मोऱ्या हिरव्या झाल्या होत्या, पण स्वारीला पत्ता नव्हता. नाव ओमप्रकाश. नागपुरात मामाच्या कपड्याच्या दुकानात होता. बापाचे गुडघे गेले तसा शेती करायला गावी परतला होता. आता एका बैलाला जोड शोधत फिरत होता.

"ह्याच्या अंगाले कोणतं तेल लावता?" त्याने विचारलं. "लय चमकून राह्यला."

"बैल घेता का तेल घेता?"

"दोनी घेतो. सांगा तं खरं."

नलूने मागे वळून पाहिलं. किसनमामा चहाच्या टपरीवर गप्पांत रंगला होता. शाम्याचा जोडीदार साप डसून गेला, एकट्या बैलाचं काय करायचं म्हणून बाबांनी शाम्याला विकायचं ठरवलं. स्वतःच्या हाताने विकवेना म्हणून मामाला पाठवलं. आणि मामा म्हणजे बाजारातला मुरलेला गडी! त्याने पहाटेच शाम्याला रिठ्याने धुतलं, काचेच्या तुकड्याने शिंगं साळली, शेपटीचा गोंडा कापून सारखा केला. आणि जुवाने घासून केस गेलेला खांदा तेल-काजळ कालवून असा बेमालूम रंगवला, की जन्मदात्या गाईनेही ओळखला नसता.

नलूला ते बघवलं नव्हतं. आता तर मुळीच बघवेना.

"तुमच्या कपायाले काजळ लागलं हाय," ती म्हणाली.

"काजळ? बैल काजळ लावते?"

"बैल नाई लावत. मामा लावते."

ओमप्रकाशने हात पाहिला, खांदा पाहिला. मग रुमाल काढून खांद्यावरचा काळा लेप पुसला. खाली नुसतं चामडं, तळहाताएवढं. केसाचं नाव नाही.

"मंग तुमी काऊन सांगतलं? बैल तुमचाच ना?"

"माहाच हाय म्हणून तं सांगतलं," नलू फणकाऱ्याने म्हणाली. "घरी गेल्यावर हे पाह्यसान, अन राग ह्या मुक्या जिवावर काढसान. जखम भरली हाय त्याची. घ्याचा असन तं घ्या, नाई तं पुढं चाला."

"केस येतीन?"

"येतीन ना! काई दिवस जुवाले जुपू नका. करंजाचं तेल लावा, रोज हात फिरवा. अन झाकून नको ठेवजा. हवा लागू द्या, ऊन लागू द्या. झाकलं का केस येत नाई."

तो तिच्याकडे बघतच राहिला. बैल राहिला बाजूला! नलूने मान फिरवली तर कानाची पाळी तापलेली.

"अन तुमी हा रुमाल काऊन बांधला डोक्याले? एवढा घट्ट?"

नलूचा हात झटकन कपाळावरच्या निळ्या रुमालाच्या गाठीवर गेला.

"...ऊन लागते."

दोघं कडूनिंबाच्या गार सावलीत उभे होते.

मामा चहा संपवून आला तेव्हा सौदा जवळपास झालेला होता. ओमप्रकाशने शाम्याला नेलं, खांदा तसाच उघडा ठेवून. वळणावर त्याने मागे पाहिलं. शाम्यानेही पाहिलं. दोघांपैकी कोणासाठी आपले डोळे भरले, हे नलूला सांगता आलं नसतं.

* * *

रुमालाची गोष्ट अशी होती. पावसाळ्यात नलूला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि केस जायला लागले. कमरेखाली रुळणारी वेणी तिची! विंचरायला घेतलं की पुंजके हातात. आई, देवकाबाई, ते पुंजके गोळा करून रडायची. एक दिवस नलूने गोठ्यातली, शाम्याच्या शेपटीचा गोंडा कापायची कात्री घेतली, आरशापुढे बसली आणि उरलेसुरले केस मुळापासून कापून टाकले. कापले तर नवे केस जोमदार येतील, असं डॉक्टर म्हणाला होता ना? झालं तर मग! देवकाबाईने कपाळ बडवून घेतलं. लग्नाची पोरगी, आणि डोकं असं! त्या दिवसापासून रुमाल. गावात सांगायचं—डोकं दुखतं.

नलूला केसांचं दुःख कमी नव्हतं. एकटी असली की ती रुमाल सोडून डोक्यावरून हात फिरवायची आणि मुकाट रडून घ्यायची. पण त्या रुमालाचा तिला त्याहून जास्त राग यायचा.

पुढच्या बाजाराला ती वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन बसली होती. समोर बेलबॉटमच्या मोऱ्या येऊन थांबल्या.

"एक इचाराचं होतं," ओमप्रकाश म्हणाला. "आंघोय सकाळी घालू का दुपारी?"

"तुमाले का शाम्याले?"

"शाम्याले वो!"

"दुपारी. थंडी हाय. अन पुसून काढजा, ओला नको ठेवजा."

त्याच्या पुढच्या बाजाराला शिंगांना काय लावू. मग खुरातली घाण कशी काढू. मग गोचीड. मग कानातला मळ! बैलाचे अवयव संपत आले तरी ह्याचे प्रश्न संपेनात. दर वेळी पिशवीभर वांगी घेऊन जायचा. घरी बिचारे रोज वांग्याची भाजी खात असतील, असं वाटून नलूला हसू यायचं... आणि बाजाराच्या आदल्या दिवशी झोप यायची नाही.

एकदा तो तोंड पाडून आला.

"शाम्या मले जोळ येऊ देत नाई. गेलो का तोंड फिरवते."

नलूने हवेत नाक वर केलं. "तुमच्या डोक्याले कोणतं तेल हाय?"

"चमेलीचं. नागपूरचं."

"मंग बरोबर हाय. त्याच्या नाकाले थे सोसत नाई. बैलाजोळ जाताना अत्तर, पावडर, तेल, काई नको."

पुढच्या वेळी ओमप्रकाश बिनतेलाचा हजर! केस चहूकडे उभे, कुंपणाच्या बाभळीसारखे. नलू इतकी हसली की तराजूतलं वांगं घरंगळलं.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमच्या बैलापाई माह्या डोक्याचं काय झालं पाहा. तुमी मात्र रुमालात!"

नलूचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"डोकं... दुखते का?" त्याचा आवाज एकदम हळू झाला.

"दुखते," ती खाली बघत म्हणाली. हे दुसरं खोटं. ज्या पोराला आपण काजळ पुसून दाखवलं, त्याच्याचपुढे आपण हे काय करतोय? तिला स्वतःची चीड आली.

संक्रांतीनंतरच्या बाजाराला तो आला आणि नुसताच उभा राहिला.

"आज प्रश्न नाई का?"

"हाय. एकच." त्याने कंगवा काढला, परत खिशात ठेवला. "तुमच्या घरी याचं असन तं... कोणत्या दिवशी यावं?"

"काऊन? शाम्याले काई झालं?"

"शाम्या मजेत हाय. आईले घेऊन येतो म्हणतो... तुले पाह्यले."

तुले! नलूच्या छातीत धाडकन झालं. आनंदाने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी हात रुमालाच्या गाठीवर गेला. आता सांगायचं. आत्ताच.

"मले... तुमाले एक सांगाचं—"

"रयवारी येतो!" ओमप्रकाश कानापर्यंत लाल झाला आणि एवढ्या घाईने पळाला, की वांग्यांची पिशवी तिथेच राहिली.

* * *

रविवारी सकाळी देवकाबाईने पेटीतून गंगावन काढलं. खास वर्ध्याहून आणवलेलं, काळंभोर. नलूच्या डोक्यावर आता बोटभर केस आले होते. त्यांच्यावर फीत ताणून बांधली, पिनांनी गंगावन अडकवलं आणि सगळं झाकायला शेवंतीची जाड वेणी माळली. वरून डोईवर पदर.

"आई, मी असं नाई बसत."

"नलू, हात जोडतो तुले." देवकाबाईचा आवाज फुटला. "एकदा का 'टकली' म्हणून नाव पडलं, तं कोणी उंबरा चढणार नाई. लगन लागलं का वाढतेतच केस. मंग सांगजो."

नलूने पदर सारखा केला. पण तिने मनाशी एकच ठरवलं—तो आला की आधी त्याला बाजूला घेऊन सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

पण सांगायला सवडच मिळाली नाही. त्यांची दमणी, छोटी बैलगाडी, दारात थांबली. ओमप्रकाशची आई, रुख्माबाई, थेट आत आली आणि नलूच्या शेजारीच बसली. ओमप्रकाश समोर नलूच्या बाबांजवळ, वासुदेवरावांजवळ. केस पुन्हा बिनतेलाचे, पण पाण्याने तरी बसवलेले. त्याने हळूच वर पाहिलं. रुमाल नाही, हे बघून त्याच्या डोळ्यांत केवढा आनंद! नलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुख्माबाईने पोहे खाल्ले, रंग पाहिला, बोलणं ऐकलं. मग तिच्या पाठीवरची वेणी हातात घेऊन तोलली.

"काय केस हायेत वं माय! आमच्या घरात असे कोणाचेच नाई."

देवकाबाईने सुटकेचा श्वास सोडला. वासुदेवरावांनी मान खाली घातली. झालं होतं की! पसंती तोंडावर दिसत होती. नुसतं गप्प बसायचं, बाकी काही करायचं नव्हतं.

नलू उठून उभी राहिली.

"मावशी, थे केस माहे नोहोत."

तिने पदर खाली घेतला. शेवंती काढली, एकेक पीन काढली, फीत सोडली. गंगावन रुख्माबाईच्या मांडीवर ठेवलं. मान ताठ होती.

"टायफॉइडनं गेले. हे एवढेच हायेत."

मग रुख्माबाईचा चेहरा लाल झाला. "म्हंजे आमाले फसवाचं ठरलं होतं?"

"माही चूक हाय बाई, पोट्टीची नाई..." देवकाबाई रडायलाच लागली.

"आईनं भेवून केलं," नलू म्हणाली. "मी बसली, म्हंजे माही बी चूक हाय. पण खोटे केस लावून मी लगन नाई करणार. नाई म्हणाचं असन तं आताच म्हणा."

ती ओमप्रकाशकडे बघत नव्हती. बघायची हिंमतच नव्हती. ह्याच्याशिवाय आपण कशा राहू, हे तिला त्या एका क्षणात पुरतं कळलं.

"एक इचारू?"

ओमप्रकाशचा आवाज. बाजारात यायचा तसाच.

"इचारा," ती कशीबशी म्हणाली.

"तेल कोणतं लावतं?"

"...खोबऱ्याचं."

"रोज हात फिरवतं?"

"फिरवतो."

"मंग झाकून नको ठेवजो." तो उठून दोन पावलं पुढे आला. "हवा लागू दे, ऊन लागू दे. झाकलं का केस येत नाई. मले एका पोट्टीनं भर बाजारात सांगतलं. शाम्याले आले, तुले बी येतीन."

नलूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तशातच ती भडकली. "मी काय बैल आहो?"

"तू बैल असती तं बरं होतं," तो म्हणाला. "पह्यल्याच दिवशी घरी घेऊन गेलो असतो!"

वासुदेवराव खोकल्याच्या आडून हसले. रुख्माबाईला हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. तिने लेकाकडे पाहिलं, मग मांडीवरचं गंगावन बाजूला सारून उठली आणि नलूच्या डोक्यावर तळवा ठेवला. एकदा फिरवला, परत फिरवला.

"मऊ हाय वं माय... जावळासारखं." मग थोड्या काळजीने, "पण लगनात बाशिंग टिकन का ह्याच्यावर?"

"रुमालाची गाठ टिकली, तं बाशिंग काऊन नाई टिकणार?"

"अन लोकं?"

"लोकाइले मी सांगन, टायफॉइड झालता म्हणून. फुलं माळा तुमाले पाह्यजे तेवढी. गंगावन नाई."

"बरं बाई, नको लावू!" रुख्माबाई म्हणाली. "लय हट्टी पोट्टी हाय. देवकाबाई, आता रडणं पुरे. साखर आणा."

* * *

ते निघाले तेव्हा नलू उघड्या डोक्याने अंगणात आली. किती महिन्यांनी! वारा डोक्याला गार लागत होता. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या, बघोत.

दमणीला नव्या जोडीदारासोबत शाम्या होता. जुवाखाली जुन्या गोधडीची मऊ गादी बांधलेली. नलूने खांद्यावर हात ठेवला. काळे, आखूड, दाट केस. तिच्याएवढेच. शाम्याने मान वळवली, फुर्र केलं आणि खरखरीत जिभेने तिचं डोकं असं चाटलं की ती मागेच सरकली.

"पाह्य! तुले चाटते," ओमप्रकाश कुरकुरला. "मी महिना झाला बिनतेलाचा फिरून राह्यलो, तवा कुठं जोळ येऊ देते."

रुख्माबाई दमणीत बसून पदर सावरत होती. नलू कासऱ्याशी चाळा करत जवळ आली. आजवर तिने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"लगनाच्या दिवशी..." ती हळूच म्हणाली, "चमेलीचं तेल लावून येजो."

"आं? तूच तं म्हणलं होतं, सोसत नाई म्हणून!"

"शाम्याले सोसत नाई म्हणलं होतं." नलूने वर पाहिलं, सरळ त्याच्या डोळ्यांत. "मले तं पह्यल्या दिवसापासून आवडते."