दोन रात्री उडणारं विमान

काशीने टेपरेकॉर्डर फौजदार शैला गायकवाडांच्या टेबलावर ठेवला.

"बाई, माज्या मालकाला कुनी तरी कोंडलाय. आज सांजच्याला मी आंगठा दिला न्हाय, तं त्याचं काय खरं न्हाय."

मालक म्हणजे तिचा नवरा बाळाराम. सहा महिन्यांपूर्वी केसरीनाथ नावाच्या एजंटाने त्याला दुबईला धाडलं होतं. निघताना गावाने हार घातले, फेटा बांधला. स्वारी जणू चंद्रावरच चालली होती. त्यानंतर काहीच खबर नाही. आणि काल केसरीनाथने ही कॅसेट आणून दिली.

शैलाबाईंनी बटण दाबलं. मागे जाड घरघर आणि तिच्याही वर आवाज चढवून बोलणारा बाळाराम.

"काशे, दुबईच्या इमानतळावरनं लंडनच्या इमानतळाला चाललोय. दोन राती झाल्या, इमान उडतंच हाय. कंपनीनं अडकवलाय मला. तुज्या बापानं तुज्या नावावर केलेली वाडी केसरीनाथभाऊला लिहून दे, तवाच सुटंन."

मधेच घरघर एकदम बंद पडली. त्याच दमात बाळारामचा आवाजही खाली आला. उरलेलं रडगाणं त्याने शांतपणे गायलं.

केसरीनाथला बोलावून घेतलं. काळा चष्मा, बोटाबोटात अंगठी. भिवंडीत नारपोलीला आपले आठ लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग आहेत, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. असल्या दिखाऊ माणसांची शैलाबाईंना मनापासून किळस येई.

"दुबईहून लंडनला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस तरी, मॅडम. लंडन काय जवळ आहे?"

"आणि घरघर मधेच थांबली ती?"

"डिझेल भरायला थांबलं असेल. नाश्तापाणी पण करतात ना लोक."

"तुम्ही स्वतः कधी विमानात बसलात?"

केसरीनाथने चष्मा पुसायला घेतला.

शैलाबाईंनी त्याला आणि काशीला जीपमध्ये घातलं आणि नारपोलीतला त्याचा कारखाना गाठला. मागच्या खोलीचं दार ठोठावलं. आतून कडी सरकली आणि हातात चहाचा ग्लास घेतलेला बाळाराम दारात उभा राहिला. चांगलं पोट सुटलं होतं त्याचं.

"दुबईहून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी लंडनला पोचतो," शैलाबाई म्हणाल्या. "या अकलेच्या कांद्यांनी विमान बेतलं ते एस्टीवरून. विमान उतरताना त्याचा आवाज हळूहळू बदलत जातो. एका झटक्यात गप्प होतात ते लाईट गेल्यावर गल्लीतले लूम, आणि मग त्यांच्यावर ओरडून बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. भिवंडीत हे रोजचंच आहे. टेप सेलवर चालू राहिला, म्हणून सगळं त्यात उतरलं."

"पन ह्याला कोंडला व्हता ना?" काशीने विचारलं.

"कडी आतून होती, काशीबाई."

बाळाराम खाली बघून पुटपुटला. व्हिसा आलाच नव्हता. हार घालून निघालेला माणूस गावात कोणत्या तोंडाने परतणार? मग वाडी विकून दोघांनी वाटून घ्यायचं ठरलं. कॅसेटची अक्कल त्याची स्वतःचीच होती.

काशीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"सा म्हैनं मी इमान दिसलं का हात जोडीत व्हते," ती म्हणाली. मग शैलाबाईंकडे वळली. "बाई, लिवून घ्या. ह्याला मी वळखत न्हाय. माजा मालक लंडनला गेला, त्यो तिकडंच राहू दे."

पदर खोचून ती रिक्षा बघायला नाक्याकडे निघाली.