ऊन पाणी

टोकावड्याच्या ढाब्यासमोर तिघांनी टेम्पोतून सायकली उतरवल्या तेव्हा सकाळचे सात वाजत होते. डिसेंबरचे दिवस. भातकापणी होऊन महिना लोटला होता, खाचरांत वाल उगवून आला होता, आणि दव इतकं पडलेलं, की सीटा रुमालाने पुसून घ्याव्या लागल्या. चहा झाला आणि तिघं सिद्धगडाच्या दिशेने निघाले.

तिघं म्हणजे नम्रता, हितेश आणि संदेश. शहापूरच्या कॉलेजातली दोस्ती. खरं तर ते चौघं होते. चौथा शेखर, मागच्या वर्षी डेंगू होऊन चार दिवसांत गेला. आजची सहल त्यानेच आखलेली. सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात ओढ्याकाठी गरम पाण्याचं कुंड आहे, देऊळ नाही, पायऱ्या नाहीत, कोणी जात नाही, असं त्याला कुण्या गुराख्याने सांगितलं होतं. थंडीत जाऊ, गिअरच्या सायकली घेऊन, असं तो सारखा म्हणायचा. थंडी पडायच्या आधी तोच गेला. वर्षश्राद्ध उरकल्यावर हितेशने दोघांना फोन केला, की त्याचं राहिलंय तेवढं आपण करू.

नम्रता शेखरच्या सायकलवर होती. तेराव्याला जेवणं होऊन माणसं पांगल्यावर शेखरच्या आईने, सरस्वतीकाकीने, तिला मागल्या दाराशी बोलावून सायकलच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. "तू घेऊन जा गो," एवढंच बोलली होती. शेखर आणि नम्रता लग्न करणार होते. दिवाळी झाली की दोघांच्या घरी सांगायचं ठरलं होतं. त्यामुळे कोणालाच ठाऊक नव्हतं. किल्ली घेताना नम्रताला कळलं, की एका माणसाने ओळखलंय. त्या एका माणसाच्या भरवशावर तिने वर्ष काढलं. बाकी जगासाठी ती मित्र गेलेली मुलगी होती, आणि मित्रासाठी रडायला लोक फार मुदत देत नाहीत.

वाटेत हितेश शेखरबद्दलच बोलत होता. शेखर कसा उतारावर ब्रेक सोडायचा, कसा पडायचा, पडून कसा हसायचा. संदेश मात्र मान खाली घालून पेडल मारत होता. शेखरला पहिल्यांदा ताप आला तेव्हा, व्हायरल असेल, गोळी घेऊन झोप, असं संदेशनेच सांगितलं होतं. वर्षभरात तो कधी धड जेवला असेल असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटत नव्हतं.

डांबर संपलं, मग मातीचा रस्ता संपला. शेवटच्या वाडीतल्या शेवटच्या घरापुढे एक म्हातारा पेंढा रचत होता. धाऊ त्याचं नाव. त्याने कुंडाची वाट दाखवली, तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाला, "दुखनं असंल तर उतरा. नसंल तर नुसतं बघून या."

हितेशने हसून विचारलं, की गुडघेदुखी चालेल का. म्हातारा पुन्हा पेंढ्याकडे वळला.

कुंड दिसण्याआधी त्याचा वास आला, जळून गेलेल्या काडेपेटीसारखा. ऐनाच्या झाडांमध्ये दहा पावलं रुंद असं पाणी, त्यावर वाफेचा पातळ पडदा. आजूबाजूला पाखरू नव्हतं. कुंडाच्या थोडं अलीकडे नम्रताचं मागचं चाक काट्याने पंक्चर झालं होतं, म्हणून ती वरच्या खडकावर ट्यूब काढून बसली. दोघं कपडे काढून पाण्यात शिरले. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. सवयीने तिने रिकामी बाटली खाली टाकली आणि हितेशकडून भरून घेतली.

ट्यूबला ठिगळ लावून झालं. तिने एकदा वाकून बघितलं. दोघं गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून, अगदी स्वस्थ.

वर आले तेव्हा दोघांची अंगं लालबुंद झाली होती. संदेशने दोन केळी खाल्ली, मग तिसरं सोललं. खाता खाता शीळ घालू लागला. नम्रताला बरं वाटलं. वर्षाने माणूस जरा सैलावला, असं तिच्या मनात आलं. मग त्याने तिच्या सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, ही कधी घेतली, सीट तुला उंच नाय होत का.

ती म्हणाली, "शेखरची आहे ना."

"कोण शेखर?" संदेश म्हणाला.

चेष्टा नव्हती. नम्रताने हितेशकडे पाहिलं. तोही उत्तराची वाट बघत उभा होता, ऑफिसातली नवी माणसं बघतात तसा, सभ्यपणे.

तिने फोन काढून मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातला फोटो दाखवला. चौघं, चिखलाने माखलेले. शेखरचा हात हितेशच्या खांद्यावर. हितेशने फोटो मोठा करून पाहिला, फोन संदेशला दिला. संदेशने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हा मध्येच कोण घुसलाय?"

तिने सांगायला सुरुवात केली. कॉलेज, ताप, हॉस्पिटल. हॉस्पिटलचं नाव घेताना तिची नजर संदेशच्या चेहऱ्यावर गेली. त्याच्या डोळ्यांखालचा वर्षभराचा काळेपणा उतरला होता. ती थांबली. पुढचं सांगायचं तर त्याला तो पहिला ताप, ती गोळी, सगळं पुन्हा द्यावं लागणार होतं. तिच्याने ते झालं नाही. काही नाही, ओळखीचा होता एक, असं म्हणून तिने फोन खिशात टाकला.

परतीच्या वाटेवर दोघं गप्पा मारत पुढे निघून गेले. ती धाऊच्या घरापुढे थांबली. म्हाताऱ्याने काही न विचारता तांब्याभर पाणी दिलं, विहिरीचं आहे असं मुद्दाम सांगून. तिने विचारलं, की त्या पाण्यात गेलेलं परत येतं का.

"माघारी मागायला अजून कोनी आला नाय," तो म्हणाला.

तिने विचारलं, तुम्ही कधी उतरलात?

त्याने ओटीवरच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "नाय गो. मला माझं लागतं."

सोमवारी तिने बाटलीतलं पाणी तपासलं. क्षार जास्त, थोडं गंधक, कुठल्याही गरम झऱ्याच्या पाण्यात असतं तेवढंच. दुसऱ्यांदा तपासलं. आकडे तेच. शेखरने चौघांसाठी काढलेला व्हॉट्सॅप ग्रुप होता त्यातून हितेश बाहेर पडला, दुसऱ्या दिवशी संदेश. आता त्यात ती होती आणि एक बंद पडलेला नंबर.

दहा दिवस तिने कोणाशी त्याचं नाव काढलं नाही. काढणार कोणाशी? शेवटी एका रविवारी दुपारी ती शहापूरला गेली, सरस्वतीकाकीकडे. काही सांगायचं नव्हतं. ज्या घरात तो होता हे मान्य आहे, त्या घरात घटकाभर बसायचं होतं.

दार काकीनेच उघडलं, भिंतीला न धरता. ताठ उभी होती. तोंडावर तुकतुकी आली होती.

"कोण गो तू?"

नम्रता एक पाऊल मागे सरकली. मग बाहेरच्या पडवीत निळा प्लास्टिकचा कॅन दिसला, आणि जळलेल्या काडेपेटीचा वास आला. हितेशचं घर याच आळीत, दोन दारं सोडून.

"हितेशची मैत्रीण," ती म्हणाली.

मग ये ना, बस, म्हणत काकीने तिला आत घेतलं. चहा टाकता टाकता ती भरभरून बोलत होती. हितेशने रानातलं ऊन पाणी आणून दिलं, गुडघ्यांना शेकलं, उरलेल्याने आंघोळ केली. तेव्हापासून झोप लागते. अन्नाला चव आलीय. घरात एकटीच तर असते मी, पोर ना बाळ, पाय चालले म्हणजे झालं.

ती हसत होती. वर्षभरात नम्रताने तिला हसताना पाहिलं नव्हतं. नाव जिभेवर आलं होतं. एक शब्द पुरला असता. नम्रताने कप उचलला आणि चहाचा घोट घेतला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की काकीच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहतंय. हुंदका नाही, चेहरा वाकडा नाही. धार लागल्यासारखं गालावरून हनुवटीपर्यंत येत होतं आणि पदराच्या ओल्या जागेवर टपकत होतं.

"हे असंच येतं बघ आठ दिवस," काकी म्हणाली. "काय दुखत नाय, खुपत नाय. निजले तरी चालू. डॉक्टरला दाखवायचंय."

नम्रता पुढे सरकली आणि तिने बोटाने काकीच्या गालावरचं पाणी पुसलं.

बोटाला चटका बसला.