चाळीस सेकंद

परंड्याहून तुळजापूरला मी दर्शनाला गेलो नव्हतो, चोरी पकडायला गेलो होतो. मी स्वभावानंच संशयी. चहात साखर कमी पडली तरी वाटतं, मुद्दाम कमी घातली.

गेम जुन्या दख्खनचा. लहानशा जहागिरीपासून सुरुवात करून सगळा मुलूख जिंकायचा, तोही घड्याळ लावून. सगळ्यांत कमी वेळेचा विक्रम तीन वर्षं माझ्या नावावर होता. मोबाइल दुरुस्त करत बसणाऱ्या माणसाला मिरवायला दुसरं काय असतं? तो विक्रम तुळजापूरच्या देवश्री नावाच्या एका शिक्षिकेनं मोडला. गेममधला परंड्याचा किल्ला वेढा घालून घ्यायला मला अकरा मिनिटं लागायची. हिच्या व्हिडिओत फौज नुसती पोचली की दरवाजा उघडायचा.

"ताई, माझ्या लॅपटॉपवर खेळून दाखवा," मी तिच्या घरी जाऊन म्हणालो. ती रागावली नाही. मला ते जास्तच खटकलं.

फौज किल्ल्याशी पोचली तशी ती पडद्याजवळ वाकून हलकेच म्हणाली, "कुणालाही हात लावणार नाही. बाहेर या."

दरवाजा उघडला. माझ्या मशीनवर, माझ्या डोळ्यांदेखत.

मग गेम विचारतो, आतल्या शिपायांना जाऊ द्यायचं की कापून काढायचं? जाऊ दिलं तर ते बाहेर पडेपर्यंत चाळीस सेकंद जातात. कापलं तर काहीच वेळ जात नाही. तिनं जाऊ दिलं आणि हात मांडीवर ठेवून थांबली. ओठ हलत होते. मोजत होती बहुतेक.

"एवढा येळ कशाला घालवता?"

"शब्द दिलाय ना."

"कुणाला?"

तिनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "युवराजभाऊ, तुम्ही ते दुसरं, कापायचं बटण दाबू नका..."

विक्रम वाचवायला भीती घालतेय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पडदे ओढून बसलो. घरात मी एकटाच राहतो. किल्ल्याशी पोचल्यावर तेच शब्द बोललो. गेममध्ये तिथं आवाज नाही, तरी जड अडसर सरकल्यासारखा आवाज झाला... खोलीत ओल्या घोंगडीचा वास पसरला. मी दुसरं बटण दाबलं.

अठ्ठावीस सेकंदांच्या फरकानं विक्रम परत माझा झाला. खरं सांगतो, आनंद झाला नाही. मी देवश्रीला फोन लावला.

"ताई, तुमी कवा दाबलं होतं का ते बटण?"

"एकदाच. घाईत. तेव्हा शब्द दिलेला नव्हता."

"मग?"

"तेव्हापासून रोज खेळते. रोज त्यांना बाहेर सोडते, मोजते..." ती थांबली. "अजून सगळे आलेले नाहीत."

माझा विक्रम यादीतून काढा म्हणून मी गेमवाल्यांना कळवलं. त्यांनी काढलाही. आता मीही रोज खेळतो, किल्ल्यापुढं बसून शब्द देतो, हात जोडतो. पण परंड्याचा दरवाजा माझ्यासाठी उघडत नाही. एकदा फसलेली माणसं कशाला ऐकतील?

फक्त एक होतं. दुपारी घराला कडी लावून बसतो आणि उठतो तेव्हा कडी निघालेली असते. आतून.

तुम्ही आत्ता आलात तेव्हा दार सताड उघडं होतं ना? मी लावलं होतं... बसा, लगेच उठू नका. चाळीस सेकंद त्यांना बाहेर पडू द्या.