पापणीवरचं तेल

घड्याळजी ओरडले तेव्हा मेट्रनबाईंना आधी बरं वाटलं. लाज वाटली ती नंतर.

प्रभुभोजनाचा रविवार होता. त्या दिवशी मंडळी उपाशीपोटी येत, चर्चमध्ये चहाची शेगडीसुद्धा पेटत नसे, त्यामुळे बऱ्याच जणांची डोकी आधीच दुखत होती. दोन वर्षं हात थरथरतात म्हणून घड्याळजी प्रार्थनेसाठी पुढच्या खुर्चीत बसले होते. शिंपीणबाईनं त्यांच्या कपाळाला आणि पापण्यांना तेल लावलं आणि म्हातारा चेहरा झाकून किंचाळला, "आग! आग होतेय!"

कुणी म्हणालं झटका आला, कुणी म्हणालं सैतान निघतोय. पाळकसाहेब "पाणी आणा" म्हणून ओरडले. तेवढ्यात शिंपीणबाईची थोरली बहीण आतल्या खोलीतून दुधात भिजवलेला रुमाल घेऊन धावत आली. तिनं हलक्या हातानं चेहरा पुसला. पाच-दहा मिनिटांत घड्याळजी शांत झाले.

"काय प्रसंगावधान!" सगळे म्हणाले.

मेट्रनबाईंनी बाटली उचलली. करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच तोंड पुसलं. तेलात मिरची मुरवली होती, चांगली तिखट, आणि वरून गाळून घेतलं होतं.

"शोधून काढा," पाळकसाहेब म्हणाले. "शनिवारी चार वाजता पंच बसतील. शिंपीणबाईचं तेल लावणं बंद करायचं की नाही, ते ठरेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी कायम सांगत आलोय. चमत्कारांची दानं प्रेषितांच्या काळापुरती होती. इमारत उभी राहिली की परांची काढतातच ना?"

मेट्रनबाईंना हे बोलणं फार आवडायचं. चाळीस वर्षं इस्पितळात काढली, शेवटची बारा मुख्य परिचारिका म्हणून. प्रत्येक खाटेपाशी त्या मनातल्या मनात मागत, माझ्या हाताला गुण दे. गुण काही आला नाही. देव आता कुणालाच देत नसेल, तर त्यानं त्यांना नाकारलं असंही होत नव्हतं. आणि मग आठ महिन्यांपूर्वी ही शिंपीणबाई उगवली! कुणाचा कान दुखायचा थांबला, कुणाचा खांदा मोकळा झाला. जन्मभर परकर-ब्लाउज शिवणारी बाई. मेट्रनबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. ती लबाड निघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

सोमवारी त्या तिच्या दुकानात गेल्या.

"तेल लावताना तुझ्या बोटाला झोंबलं नाही?"

शिंपीणबाईनं मशीन थांबवून अंगठा पुढे केला. सुया टोचून टोचून कातडं निबर झालं होतं. "याला काही कळत नाही, मेट्रनबाई."

"रविवारी नेहमीपेक्षा वेगळं काय झालं? नीट आठव."

ती विचारात पडली. "एरवी मी आतल्या खोलीत आधी माझ्याच पापण्यांना लावते. मला नीट दिसू दे म्हणून. त्या दिवशी राहून गेलं. घड्याळजी हुंदके द्यायला लागले, मी बाटली घेऊन तशीच पळाले."

मेट्रनबाईंनी वहीत लिहून घेतलं. लिहिताना त्यांची जराशी निराशा झाली.

"तेलाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे?" त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं.

"माझ्याकडे. शनिवारी थोरली तेल भरायला नेते, रविवारी परत देते."

"शिंपीणबाई ते तेल आधी स्वतःच्या डोळ्यांना लावते, माहीत आहे?"

"स्वतःच्या? ते कशाला?" पाळकसाहेबांना खरंच काही माहीत नव्हतं.

थोरलीनं दार उघडलं, पण आत या म्हणायला वेळ लावला.

"तेल कधीपासून भरतेस?"

"वीस वर्षं. प्रार्थनेचा गटही मीच चालवला. धाकटी माझ्याच शेजारी बसून प्रार्थना शिकली."

"आणि आता लोक तिच्याकडे जातात."

"देवाची मर्जी," थोरली म्हणाली. ओठ घट्ट मिटलेले. हा सूर मेट्रनबाईंच्या ओळखीचा होता. त्या स्वतः याच सुरात तेच शब्द म्हणत.

शेवटी त्या घड्याळजींकडे गेल्या. पापण्यांची सूज उतरली होती. डोळ्याला भिंग लावून म्हातारा चिमट्यानं केसाएवढा स्क्रू उचलत होता. उचलला, घड्याळात बसवला, दुसरा उचलला.

"कसं आहे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बरं आहे," ते मान वर न करता म्हणाले. "कामं तुंबलीत."

मेट्रनबाई बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग वहीत लिहिलं, 'पापण्या बऱ्या', आणि निघाल्या.

शनिवारी चार वाजता आतल्या खोलीत पंच बसले. दोघी बहिणी होत्या, घड्याळजींनाही बोलावलं होतं.

"आपण सगळे चुकीच्या माणसापासून सुरुवात करत होतो," मेट्रनबाई म्हणाल्या. "मिरची घड्याळजींसाठी नव्हतीच. शिंपीणबाईचा बेत असता तर तिनं स्वतःच्या पापण्या चुकवल्याची गोष्ट मला आपणहून सांगितली नसती. तेल आधी तिच्या डोळ्यांना लागायचं होतं. ती ओरडत बाहेर आली असती आणि मंडळी म्हणाली असती, देवानंच हिला शिक्षा केली. हे कुणाला सुचेल? ती आधी काय करते हे ठाऊक असणाऱ्याला. पाळकसाहेबांना ठाऊक नव्हतं. ती हे करते ते आतल्या खोलीत, आणि तिथून बाटली तिच्या हातात कोण देतं?"

थोरली जमिनीकडे बघत होती.

"त्यातून दूध. मिरचीच्या तेलावर पाणी चालत नाही, दूध लागतं. पण तेव्हा ती मिरची आहे हे मलाही कळलं नव्हतं. थोरलीला कसं कळलं? आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, चहा नसताना, चर्चमध्ये दूध आलं कुठून? ते तिनं घरून आणलं होतं. बहिणीला भाजायचं होतं, पण आंधळं करायचं नव्हतं."

"ताई?" शिंपीणबाई म्हणाली.

"वीस वर्षं गुडघे टेकले मी!" थोरलीचा आवाज फाटला. "वीस वर्षं मागितलं. आणि मिळालं कुणाला, तर जिचं नाक मी पुसलं तिला! रोज लोकांच्या तोंडून तुझं कौतुक ऐकायचं, आणि बाटलीही मीच भरून द्यायची?" ती तोंडाला पदर लावून रडायला लागली.

पाळकसाहेबांनी सुस्कारा सोडला. "झालं तर मग. या सगळ्यातून मत्सरच वाढतो. तेल लावणं आजपासून बंद. दानांचा काळ संपला, मी म्हणतच होतो."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. मेट्रनबाईंनी वही मिटली. मग पुन्हा उघडली.

"घड्याळजी, हात पुढे करा."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. मेट्रनबाईंनी त्यांच्या बोटांवर वहीतला कागद ठेवला. कागद हलला नाही.

"हे मी सोमवारी पाहिलं आणि आजवर दडवलं," त्या म्हणाल्या. "प्रार्थनेनं झालं की कशानं, मला सांगता येणार नाही. पण दोन वर्षांचा कंप असा एका दिवसात थांबलेला मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. माझ्या हातून व्हावं म्हणून जन्मभर रडले, म्हणून तिच्या हातून झालेलं मला बघवलं नाही. थोरलीनं मिरची घातली. मी हे दडवलं. फार फरक नाही आमच्यात."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. पाळकसाहेब तो कागद बघत राहिले आणि बंदीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शिंपीणबाईनं रिकामी बाटली उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवली.

"उद्या तेल तूच भर."

"माझ्यावर भरवसा आहे तुझा?"

"अजून नाही," शिंपीणबाई म्हणाली. "म्हणून उद्या आधी तुझ्या पापण्यांना लावणार आहे."